फुकटचं सरपण कितीला पडतं? वेचलेलं लाकूड घरात जाळण्याआधी

वळवाच्या वाऱ्यानं मोडलेली फांदी, बांधावरची वेडी बाभूळ, पूर ओसरल्यावर कृष्णा-वारणेच्या काठाला लागलेले ओंडके, जुन्या वाड्याच्या पाडकामातले वासे, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतून आलेल्या पॅकिंगच्या फळ्या. सातारा-सांगलीकडं विकत न घेता जळण मिळतं ते असं. पैसे मोजले नाहीत म्हणून ते फुकट धरतात आणि हिशेब तिथंच चुकतो. आधी तो हिशेब करू. मग लाकूड कसं वाळवायचं, काय चुलीत घालायचं नाही आणि जाळताना काय सांभाळायचं ते पाहू.

एका सिलिंडरची बरोबरी

१४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे दीड लाख किलोकॅलरी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली ६५ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, म्हणजे साधारण १ लाख. हा १ लाखाचा आकडा ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचंय.

नीट वाळलेल्या लाकडात वजनाच्या १५ टक्के पाणी उरतं. अशा लाकडाला किलोमागे सुमारे ३,६०० किलोकॅलरी असतात. इथं लाकडाच्या जातीचा फारसा संबंध नाही. किलोला किलो तोललं तर बाभूळ आणि आंबा जवळपास सारखीच उष्णता देतात. बाभूळ जड, म्हणून तेवढ्याच जाडीचं फाटं जास्त वेळ जळतं आणि त्याचा निखारा टिकतो, एवढाच फरक.

साध्या मातीच्या किंवा तीन दगडांच्या चुलीवर या उष्णतेतले १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोचतात, बाकीचे धुरातून आणि चुलीच्या तोंडातून निघून जातात. १२ टक्के धरले तर किलोला ४३० किलोकॅलरी हाती लागतात. म्हणजे एक सिलिंडर वाचवायला २३० किलो वाळकं लाकूड जाळावं लागतं.

लाकूड अर्धवट ओलं असेल, ४० टक्के पाणी असेल, तर किलोमागची उष्णता २,४०० वर येते. शिवाय जाळ मंद होतो आणि चुलीची कार्यक्षमताही घसरते. १० टक्के धरली तर त्याच सिलिंडरला चारशे किलोच्या वर लाकूड लागतं. ओल्या लाकडाला जवळपास दुप्पट फेऱ्या पडतात त्या अशा.

आता फेऱ्या मोजू. डोक्यावरची मोळी २० ते २५ किलोची, म्हणजे २३० किलोला दहा मोळ्या. जाणं, वेचणं, बांधणं, आणणं आणि फोडणं मिळून एका मोळीला तीन तास धरले तर तीस तास झाले, जवळजवळ चार दिवसांचा रोज. रोज ३०० रुपये धरला तर ही मेहनत सुमारे १,१०० ते १,२०० रुपयांची. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर त्यापेक्षा हे सरपणच महाग पडलं. हे दोन्ही आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या गावातला रोज आणि आजचा सिलिंडरचा दर घालून पुन्हा मांडा.

हाच हिशेब उलटाही फिरतो. लाकूड आपल्याच बांधावर पडलेलं असलं आणि मोळीमागं एकच तास जात असला, तर दहा तासांत काम होतं आणि लाकूड स्वस्त पडतं. माण, खटाव, जत, आटपाडीकडं उन्हाळ्यात शेतात काम नसतं. त्या दिवसांतल्या तासाची किंमत पूर्ण रोजानं धरणं बरोबर नाही. पण ज्या बाईची खुरपणी बुडवून मोळी आणली जाते, तिच्या तासाची किंमत शून्य धरणं साफ चूक आहे. घराच्या हिशेबात ही चूक सर्रास होते, कारण ते पैसे कुणाच्या हातातून जाताना दिसत नाहीत.

टेम्पोनं आणणार असाल तर सिलिंडरच्या दराला २३० नं भागा. ९०० ला भागलं की किलोला ३ रुपये ९० पैसे येतात. साध्या चुलीवर जाळायच्या वाळक्या लाकडाला एकूण खर्च यापेक्षा जास्त आला तर गॅस परवडतो. यात एक चकवा आहे. समजा कापलेल्या झाडाचं ५०० किलो ओलं लाकूड आणलं, कटाई आणि भाडं धरून १,३०० रुपये गेले. ते किलोला अडीच रुपये वाटतं. पण त्यात ४५ टक्के पाणी होतं. वाळल्यावर सव्वातीनशे किलो उरलं आणि दर झाला चार रुपये. तेव्हा वजनकाट्यावरचं ओलं वजन हिशेबात धरू नका.

लाकडावर पैसे वाचवायचेच असतील तर ते चुलीत वाचतात. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात सुधारित चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के मागितली आहे. २५ टक्क्यांच्या चुलीवर एका सिलिंडरला २३० च्या जागी ११० किलो लाकूड पुरतं. नवीन चूल घ्यायची नसेल तर आहे त्या चुलीत लोखंडी सळ्यांची जाळी बसवा. जाळीखाली तीन-चार बोटं मोकळी जागा ठेवा, म्हणजे हवा खालून निखाऱ्यांत शिरते, आणि राख साठली की ती काढत जा. भांडं आणि चुलीचे खूर यांच्यात बोटभर फट पुरे. जाळ भांड्याच्या कडेवरून वर येत असेल तर तेवढं लाकूड वाया चाललंय. वैलावर रिकामं का होईना पण पाण्याचं भगुलं ठेवायची सवय असते, ते भरलेलं आणि झाकलेलं ठेवा.

वाळवणं

पाडव्याच्या आत फोडून रचलेलं लाकूड मृग लागेपर्यंत वापरण्याजोगं होतं. त्यानंतर आणलेलं पुढच्या वर्षाचं समजा. मे महिन्यात आणलेले ओंडके जूनमध्ये जाळायला काढले की पावसाळाभर घरात धूर कोंडतो, आणि त्याच दिवसांत खिडक्याही बंद असतात.

ओंडका अखंड ठेवून वाळत नाही. साल पाणी धरून ठेवते, म्हणून आधी सव्वा फुटाचे तुकडे करा आणि मग मनगटाएवढ्या जाडीची फाटी फोडा. बाभूळ आणि चिंच ओली असतानाच फोडा, वाळल्यावर चिंच कुऱ्हाडीला दाद देत नाही. गाठ असलेल्या जागी घाव घालू नका. गाठीच्या बाजूनं पाचर मारा, नाहीतर कुऱ्हाड अडकते किंवा निसटून पायावर येते. फोडायचा तुकडा गुडघ्याखाली येईल अशा रुंद ठोकळ्यावर उभा ठेवा, पाय फाकवून उभं राहा आणि डोळ्याला साधा गॉगल लावा. सुक्या बाभळीची ढलपी उडाली तर ती थेट डोळ्याकडं येते.

रचताना खाली दोन ओळी विटा किंवा दगड मांडा, जमिनीपासून अर्धा फूट अंतर सुटलं पाहिजे. भिंतीपासून वीतभर लांब, वारा आरपार जाईल अशी सैल उडवी रचा. पत्रा किंवा ताडपत्री फक्त माथ्यावर टाका, बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं की आत घाम धरतो आणि लाकूड कुजतं. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या पश्चिमेकडं पावसाळ्यात बाहेर पत्र्याखाली ठेवलेलं वाळकं लाकूडही हवेतला दमटपणा शोषून घेतं. तिथं आठवड्याचं जळण पडवीत आणून ठेवावं लागतं, मात्र चुलीपासून तीन-चार फूट लांब.

लाकूड वाळलं की नाही हे ओळखायला एक खात्रीचा उपाय आहे. उडवीतलं एक मध्यम फाटं निवडा, त्याला खडूनं खूण करा आणि दर रविवारी किराणा काट्यावर तोला. २ किलोचं फाटं आठवड्याला १०० ग्रॅम उतरत असेल तर अजून थांबा. लागोपाठ दोन आठवडे १०-२० ग्रॅमच उतरलं तर ते तयार आहे. सुयांचा ओलावामापक असेल तर फाटं नव्यानं फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचा. टोकावर टोचल्या तर आकडा खोटा कमी येतो. आत २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. उपकरण नसेल तर दोन फाटी एकमेकांवर आपटा. टणक, खणखणीत आवाज आला तर वाळलंय, थप् आवाज आला तर ओलं. टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल नखानं सुटते. जळताना टोकाला फेस येऊन सूं-सूं आवाज येत असेल तर ते लाकूड काढून ठेवा, तुम्ही सरपणानं पाणी उकळताय ते लाकडातलंच.

पुराच्या लाकडाला आणखी एक काम करावं लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर काठाला ढिगानं लाकूड लागलं होतं, तसं पुढंही लागेल. त्याच्या भेगांत रेती आणि गाळ बसलेला असतो, करवतीचे दात एका दिवसात जातात. म्हणून आधी पाण्याच्या जोरानं धुवा, ब्रशनं घासा, मगच कापा. त्यात रंगवलेली दारं, प्लॅस्टिक आणि तारा गुंतलेल्या असतात, त्या वेगळ्या काढा.

उडवीत हात घालण्याआधी काठीनं फाटी हलवा, संध्याकाळी बॅटरी लावा. घोणस, नाग, मण्यार, फुरसं आणि लाल विंचू यांना लाकडाखालची सावली आवडते. जमिनीपासून अर्धा फूट उंच रचण्याचा हाही एक फायदा, खालची जागा डोळ्यांना दिसते. साप चावला तर बांधाबांध, चिरा, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्या.

चुलीत घालायचं नाही असं

बिब्ब्याचं लाकूड पश्चिमेच्या डोंगरात वेचताना इतर काटक्यांत मिसळतं. त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात आणि धुरानं तोंड, डोळे सुजतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिच्या काडीवर काही भाजू नका आणि ती चुलीतही नको. माण-खटावाकडं कुंपणाला लावलेल्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. गेलाच तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

वाड्याच्या पाडकामातलं सागवान जाळायला फार चांगलं वाटतं, कारण ते शंभर वर्षं वाळलेलं असतं. पण दारं-खिडक्यांवर जुन्या तैलरंगाचे थर असतात. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षामागे ९० भागांची मर्यादा आपल्याकडं २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचा रंग शिशाचा आहे असं धरूनच चाला. शिसं धुरातून आणि राखेतून घरात पसरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. रंग खरवडून लाकूड जाळणं हाही उपाय नाही, खरवडलेली धूळ त्याहून वाईट. असं लाकूड सुताराला विका, सागाला मागणी असते.

प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या आणि भुशाच्या दाबलेल्या शीट यांत फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. काळ्या तेलाचा वास येणारे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असतात. हिरवट झाक असलेले खांब बहुधा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या द्रावणातले. हे सगळं अंगणातल्या शेकोटीतही नको.

कारखान्यातून येणाऱ्या पॅलेटवर एक शिक्का असतो, गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि इंग्रजी अक्षरं. त्यात एच-टी असेल तर लाकूड फक्त उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे, ते चालतं. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घेऊ नका. शिक्का नसेल तर सोडा, आणि तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील तर एच-टी असलं तरी सोडा. खिळे काढा, नाहीतर राखेतून ते शेतात आणि तिथून बैलाच्या खुरात जातात.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात. त्या लवकर वाळतात आणि पेटतातही झटकन, म्हणून मोह होतो. पण त्या काड्यांवर हंगामभर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे आणि बुरशीनाशकांचे थर बसलेले असतात. स्वयंपाकाच्या चुलीत त्या घालू नका. बारीक कुट्टी करून बागेत आच्छादन करा किंवा कंपोस्टला लावा.

पेटवताना आणि जळताना

रॉकेल, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर काहीही ओतू नका. विझत आलेल्या निखाऱ्यावर ओतलं तर वाफ आधी पसरते आणि मग एकदम भडका उडतो. पेटवायला तुरीच्या काट्या, नारळाची सोडणं, वाळलेलं पाचट पुरतं. पाचट मात्र मुख्य जळण म्हणून निरुपयोगी, भुर्रकन जळून जातं. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेनं पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याची पद्धत बसवली, तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडं पाचट मुबलक आहे त्यांनी तिकडं बघावं.

घरात चूल आणि गॅस दोन्ही असतील तर दोन्ही एका खोलीत ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरत चुलीच्या निखाऱ्यापर्यंत पोचतो. गळतीचा वास आला तर बटणं दाबू नका, दारं उघडा, बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.

धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. चुलीच्या बंद स्वयंपाकघरात स्वयंपाकाच्या वेळी हा आकडा शेकड्यांत जातो. रोज चार-पाच तास तिथं बसणाऱ्या आईला, वहिनीला आणि पाठीवरच्या बाळाला ते सोसावं लागतं. त्यामुळं आमचं मत स्पष्ट आहे. रोजचा स्वयंपाक गॅसवर करा आणि वेचलेलं लाकूड आंघोळीच्या पाण्याला, जनावरांच्या आंबोणाला, मोठ्या कार्याच्या चुलवणाला वापरा, तेही उघड्यावर.

आंघोळीच्या पाण्याला लाकडाचा खरा उपयोग होतो. चार माणसांचं ८० लिटर पाणी थंडीत २० अंशांवरून ४२ वर न्यायला सुमारे १,७६० किलोकॅलरी लागतात. उघड्या चुलीवर त्याला ४ किलो वाळकं लाकूड जातं. तांब्याच्या बंबात मधली नळी चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेली असते, म्हणून बरंच कमी लागतं. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नका, सांध्याचा डाग वितळतो आणि बंब गळायला लागतो. झाकण घट्ट आवळू नका, वाफेला वाट हवी. आणि बंब न्हाणीत नको, बाहेर ओट्यावर ठेवा.

न्हाणीत का नको? निखारा लाल दिसतो, धूर नसतो, आणि नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो रक्ताला चिकटतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर अशी लक्षणं घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसली तर दारं उघडा, माणसांना आधी बाहेर न्या आणि १०८ बोलवा. बेशुद्ध माणसाला आणायला आत जाताना श्वास रोखून जा आणि लगेच बाहेर या.

धुराडं असेल तर ते छपराच्या माथ्यापेक्षा दोन-तीन फूट वर काढा. ओल्या लाकडाचा धूर पाइपात थंड होऊन डांबरासारखा चिकटा धरतो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. रोजच्या वापरात महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशनं साफ करा. चुलीपुढं नायलॉनची साडी नको, पदर खोचलेला असावा, जवळ वाळूची बादली असावी. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काहीही लावू नका.

कुठून आणू नये

कोयना अभयारण्य, चांदोली आणि सागरेश्वरातून लाकूड वेचणं कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, पडलेलं असलं तरी. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, हिरडा अशी झाडं आपल्या शेतात असली तरी तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. रस्त्याकडेला पडलेलं झाड बेवारस नसतं, आधी ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम विभागाला विचारा. वादळात पडलेल्या झाडावर तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. महावितरणला १९१२ वर कळवा आणि ते येईपर्यंत हात लावू नका. वाकून ताणलेली फांदी कापताना ती उसळून मारते, म्हणून ती उसळेल त्या बाजूला उभं राहू नका. वेडी बाभळीचा काटा खोल रुतला तर सूज धरतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

राख

वर गार दिसणाऱ्या राखेत दोन-तीन दिवस विस्तव राहतो. ती पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा लाकडी जमिनीवर किंवा गंजीजवळ ठेवू नका. स्वच्छ लाकडाची राख पश्चिमेच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत चालते. वाळवा-मिरजेकडच्या खारपड काळ्या रानात ती घालू नका, जमिनीचा सामू (पीएच) आधीच चढलेला असतो आणि राखेनं तो आणखी चढतो. रंगवलेलं लाकूड चुकून जळलंच असेल तर ती राख शेतात, परड्यात किंवा भांडी घासायला कुठंही वापरू नका.